मिरची, चरबी आणि सव्वादोनचा चुडा

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो की साखरपुडा, पंगत अर्ध्यावर आली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ती मिरचीची गोष्ट होऊन जाऊ द्या." मीही आढेवेढे घेत नाही. सासूबाईंचा आवाज काढते, बांगडीवाल्या खालाचा काढते, माझा स्वतःचा शिक्षिकेचा आवाज तर फारच छान काढते. लोकांना ठसका लागेपर्यंत हसू येतं. वयाची पन्नाशी ओलांडलेली, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठड्याशी गप्पा मारत थांबणारी मी जाडी बाई दुसऱ्या एका बाईच्या जाडीची गोष्ट सांगते, यातही त्यांना मजा वाटत असावी. ती दुसरी बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आम्ही मुकुंदवाडीच्या पलीकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये तीन मजली घर बांधून राहायला गेलो आणि त्याच वर्षापासून पावसानं तोंड फिरवलं. शहर चहूबाजूंनी फुगत होतं. काल जिथं ज्वारीचं धसकट होतं तिथं आज 'सर्व सुखसोयींयुक्त' अशी पाटी लागायची. सुखसोयींत पाणी धरलेलं नव्हतं. नळाची लाइन आमच्या गल्लीच्या अलीकडे दोन चौक येऊन थांबली होती, आणि जायकवाडीत आता गाळच उरलाय, असं पेपर रोज सांगत होता. टँकर दोन दिवसांआड यायचा. खाली रस्त्यावर निळे ड्रम मांडलेले असायचे, ते भरून घ्यायचे आणि मग कळशी-कळशीनं तिसऱ्या मजल्यावर चढवायचं. घरात मोटर होती. पण मोटर सोडली की ड्रमच्या तळाचं पाणी वाया जातं, असं सासऱ्यांचं मत होतं. सासरे मतं मांडायचे, कळशी उचलायचे नाहीत.

कळशी जाऊ उचलायची. मला मानेचं दुखणं होतं. ते दुखणं टँकरच्या वेळापत्रकाप्रमाणे यायचं, हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

जाऊ खुलताबादची. तिच्या वडलांचं तिथं रस्त्याला लागून छोटंसं किराणा दुकान. ती लहानपणापासूनच अंगानं भरलेली, रुंद खांद्यांची, मोठ्या पंजांची. लग्न ठरताना सासूबाई तिला 'खात्यापित्या घरची' म्हणाल्या होत्या. दिरांना तोवर चार मुलींनी नाकारलं होतं. लग्न झाल्यावर ते चार नकार आम्ही विसरलो आणि तिचं खातंपितं घर तेवढं लक्षात ठेवलं. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी तर जाड असणं हीच चोरी झाली. सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "गुरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशी वेळ आलीय, अन् आमच्या इथं बघा. कुठून येतं कुणास ठाऊक."

त्याच वर्षी दिरांची कंपनीनं वाळूजहून पुण्याला बदली केली. जावेनं दुसऱ्याच दिवशी एक कुकर, सहा ताटं आणि पोळपाट-लाटणं जुन्या चादरीत बांधून पलंगाखाली सरकवलं. तिला नवऱ्याबरोबर पुण्याला जायचं होतं. आपली वेगळी चूल मांडायची होती. एवढंच. त्या बाईला दुसरं काही नको होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन.

सासूबाई म्हणाल्या, "जाईल की. आमची ना नाय. पण घरची रीत व्हायला पाहिजे."

रीत अशी. आमच्या घरातली सून वेगळा संसार थाटायला निघाली की सासू आपल्या मापाचा हिरवा चुडा तिच्या हातात भरते. सासूच्या मापाचा. सासूबाईंचं माप सव्वादोन, त्यांच्या सासूचं सव्वादोन, माझंही त्या वेळी सव्वादोन. "आमच्या बायकांचा हात सव्वादोनचा," असं त्या गोत्र सांगावं तसं सांगायच्या. जावेचा हात अडीचचा.

"चुडा चढंल तवा जाईल," सासूबाई म्हणाल्या. "तोवर जरा उतरव म्हणावं अंग. पुण्यात साहेबांच्या बायका असतात. ही अशी गेली तर म्हणतील, दुष्काळी भागातून आली का दुष्काळच खाऊन आली."

आता यात माझा प्रवेश. मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. सासरी माझ्या शिक्षणाचा उपयोग लग्नपत्रिकेत नावापुढे छापण्यापलीकडे झाला नव्हता, ही माझी जुनी खंत. स्टाफरूममधल्या एका मासिकात मी मिरचीवर वाचलं होतं. मिरचीला तिखटपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला कॅप्सेसिन म्हणतात. आपल्या शरीरात चरबी दोन तऱ्हेची असते. पांढरी चरबी साठवून ठेवते, कणगीसारखी. तपकिरी चरबी जाळून ऊब देते, चुलीसारखी. या द्रव्यामुळे कणगीच्या पेशी चुलीसारख्या वागायला लागतात, असं उंदरांमध्ये दिसून आलेलं आहे.

हे सगळं मी जेवताना खडूशिवाय समजावून सांगितलं. एक शब्द तेवढा राहिला. 'उंदरांमध्ये.' राहिला म्हणजे, जिभेवर आला होता. पण सासरे पहिल्यांदाच माझ्याकडे घास थांबवून बघत होते.

"म्हंजी मिरची खाल्ली की चरबी जळती?" सासूबाईंनी विचारलं.

"पेटतेच, आई."

"मग पेटवू की."

दुसऱ्या दिवसापासून जावेच्या ताटात अर्धी भाकरी आणि लिंबाएवढा हिरव्या मिरचीचा ठेचा पडू लागला. शेंगदाणे न घालता, कारण शेंगदाण्यात तेल. पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. तिनं तांब्याकडे हात नेला.

"थांब," मी म्हणाले. "पाण्यानं तिखट उतरत नसतं. ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही. तेलातुपात विरघळतं."

"मग तूप द्या ताई थोडं," ती म्हणाली. बिचारी खरंच म्हणाली.

ताटं वाजतील इतके हसलो आम्ही. सासरे म्हणाले, "तूप खाऊन चरबी उतरवणारी पहिलीच बाई बघतोय." पाण्यानं तिखट उतरत नाही हे शास्त्र खरं होतं. त्यावरून सासूबाईंनी नियम काढला की जेवताना आणि जेवल्यावर तासभर हिनं पाणी प्यायचं नाही, उगाच गुण धुऊन जायचा. मी मान डोलावली. गुण धुऊन जातो असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. पण टँकरच्या दिवसांत दोन वेळचा एक-एक तांब्या वाचत होता, आणि तो वाचतोय हे सासऱ्यांनी समाधानानं बोलूनही दाखवलं.

महिन्याभरानं तिचे वडील भेटायला आले. सासूबाईंनी निरोप धाडून मागवलेल्या मिरच्या त्यांनी आणल्या होत्या, आखूड, काळपट हिरव्या, हाताला झोंबणाऱ्या. पिशवी ओट्यावर रिकामी करताना म्हातारा हरखून म्हणाला, "आमच्या पोरीला तिखट लई आवडाया लागलं वाटतं सासरी. घरी तर मिरचीला शिवायची नाय." जावेनं खाली बघूनच "व्हय" म्हटलं. सासूबाईंनी त्यांना लिंबाचं सरबत दिलं. पुढच्या खेपेला त्यांनी दुप्पट आणल्या.

त्याच उन्हाळ्यात मी कॉलेजात 'पाखरांना पाणी' असा उपक्रम सुरू केला होता. प्रत्येक मुलीनं आपल्या गच्चीवर एक मातीचं वाडगं भरून ठेवायचं. मीही ठेवायची. सकाळी भरलेलं वाडगं संध्याकाळी कोरडं ठणठणीत असायचं. वर्गात मी सांगायची, "आमच्याकडे इतक्या चिमण्या येतात की एक वाडगं पुरत नाही." मुली टाळ्या वाजवायच्या. मग मी वाडगं मोठं केलं.

एक दिवस कॉलेज लवकर सुटलं. कपडे काढायला म्हणून मी भर दुपारी गच्चीवर गेले. जाऊ वाडग्यापाशी गुडघे टेकून बसली होती. पाण्यावर एक बारीक पीस तरंगत होतं. तिनं ते फुंकरीनं कडेला सारलं, दोन्ही हातांनी वाडगं उचललं आणि घटाघटा प्यायली. खाली ठेवताना मी दिसले. तिची हनुवटी ओली होती.

"ताई, सांगू नका," ती म्हणाली.

"छे गं. मी कशाला सांगतेय."

संध्याकाळी जेवताना सांगितलं. का सांगितलं याचं उत्तर मला बरीच वर्षं शोधावं लागलं नाही, कारण ते तेव्हाही माहीत होतं. गोष्ट चांगली होती. टाळ्या वाजवणाऱ्या मुली, मोठं केलेलं वाडगं, फुंकरीनं सारलेलं पीस, सगळं आयतं जुळून आलं होतं. सांगताना मी फुंकरही मारून दाखवली. सासऱ्यांना ठसका लागला. त्यांना मात्र लगेच पाणी दिलं. दिरांना पुण्याला फोन लावून गोष्ट परत ऐकवली, तेही हसले. त्या दिवसापासून आमच्या घरात तिला 'चिमणी' म्हणायला लागले. एवढ्या देहाला चिमणी, यातच अर्धा विनोद होता. तीही हसली. गोष्ट सांगताना मी हे आवर्जून सांगते, की तीसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी मी वाडगं पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर ठेवलं. शिडी लावल्याशिवाय तिथं हात पोचत नाही. भरायला मी शिडी लावायची, भरून झालं की शिडी खाली आणून कुलपात ठेवायची. माझ्या मानेला शिडी चालायची. चिमण्या त्या वाडग्यावर खरोखरच यायला लागल्या. आधी येत नव्हत्या.

दिवाळीपासून ती उतरायला लागली. ब्लाउज ढिले पडले, गळ्याची हाडं वर आली. मी ते श्रेय घेतलं. तिच्या तोंडात फोड आले होते, गरम भाकरीचा तुकडाही लागायचा, म्हणून ती अर्ध्यातली अर्धीच खायची, आणि वर टँकरच्या दिवशी तीस-चाळीस कळशा. एवढ्यावर कुणीही उतरलं असतं. कॅप्सेसिन नसतं तरी उतरलं असतं. पण शेजारच्या बायका मला दारात गाठून उपाय विचारायला लागल्या आणि मी त्यांना पांढरी चरबी, तपकिरी चरबी समजावून सांगायला लागले. स्टाफरूममध्ये "माझ्या पाहण्यातली एक केस" असा उल्लेखही केला.

जाऊ मात्र खूश होती. ठेच्याचा गोळा ती आता न रडता गिळायची. संध्याकाळी पलंगाखालचं गाठोडं ओढून कुकरवरची धूळ पुसून परत सरकवायची. एकदा मला म्हणाली, "गुढीपाडव्याला हे येणार हायेत ताई. तवर बसंल ना चुडा?"

"बसेल की," मी म्हणाले. "गुण येतोय तुझ्या अंगाला."

पाडव्याच्या आदल्या दिवशी दीर आले. सासूबाईंनी बांगडीवाल्या खालाला निरोप धाडला होता. ही खाला उस्मानपुऱ्याहून टोपली घेऊन यायची, आमच्या घरातले सगळे हात तिच्या ओळखीचे होते. जाऊ नवं लुगडं नेसून तिच्यासमोर बसली. सासूबाईंनी साबण लावायला वाटीत पाणी आणलं. खालानं तिची बोटं जुळवली, अंगठा आत दुमडला, पंजा दाबून दाबून निमुळता केला आणि सव्वादोनची पहिली बांगडी चढवायला घेतली. ती बोटांच्या पेरांवरून आली आणि अंगठ्याच्या मुळाशी अडली. खालानं फिरवून बघितली. तट्कन फुटली. दुसरी काढली, तीही फुटली, आणि या वेळी काच हातात शिरली. जावेनं आवाज केला नाही. "अजून एक बघा ना खाला," म्हणाली. "दाबा तुम्ही, मला नाय दुखत."

खालानं टोपलीवर फडकं टाकलं. सासूबाईंकडे बघत म्हणाली, "अम्मा, गोश्त तो पूरा उतर गया बच्ची का. हड्डी वइच है. हड्डी कू कौन उतारता? सव्वादोन इसकू मरे तक नै आने का. अडीच भरो और खुशी से भेजो."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू सांग. तू शिकलेली. हाडच हाय का अजून चरबी हाय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सासरे, दीर, खाला. जाऊ तर हात तसाच पुढे धरून बघत होती, मनगटावरून रक्ताचा बारीक ओघळ कोपराकडे चालला होता. पंजाची रुंदी हाडांनी ठरते आणि वयात आलेल्या बाईची हाडं कुठल्याही मिरचीनं अरुंद होत नाहीत, हे मी अकरावीच्या मुलींना सांगाड्यावर छडी ठेवून शिकवायची. पहिल्या दिवशीच मला ते माहीत होतं. बांगडीनं चरबी मोजायची नसते, हे म्हणायला मला दहा-अकरा महिने मिळाले होते. आता तर खालानं माझं काम निम्मं करून ठेवलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

तेवढ्यात खाली टँकरचा हॉर्न वाजला.

मला तीन मजले दिसले. एकेक पायरी दिसली. आणि या पायऱ्यांवर उद्यापासून कोण, हेही दिसलं.

"अजून आहे आई, चरबी," मी म्हणाले. "अंगठ्याच्या मुळाशी साठलेली असते, ती सगळ्यात शेवटी जाते. सहा महिने जाऊ द्या."

खालानं माझ्याकडे पाहिलं. "टीचर है ना तुम?" एवढंच म्हणाली आणि जमिनीवरच्या काचा वेचायला लागली. दीर म्हणाले, "बारीक झाली खरी. पण चेहरा पार गेला हिचा." पाडव्याची श्रीखंड-पुरी खाऊन ते दुसऱ्या दिवशी एकटेच गेले.

जावेनं हाताला चिंधी गुंडाळली आणि कळशी घेऊन खाली निघाली. मी पाइपकडे लक्ष ठेवायला म्हणून तिच्यामागं उतरले. पहिल्या मजल्याच्या वळणावर ती थांबली.

"ताई, हाड उतरतं का हो?"

"आधी पाइप धर," मी म्हणाले. "पाणी सांडतंय."

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं दीड. चुड्याचं मग कुणी काढलंच नाही. ठेचा तेवढा चालू राहिला, सवय म्हणून. पुढं आमच्या कोपऱ्यापर्यंत लाइन आली. आठवड्यातून एकदा का होईना, नळाला पाणी आलं, आणि सासऱ्यांनी तळमजल्यात हौद बांधून त्यात मोटर सोडली. तळाचं पाणी वाया जातं हे त्यांचं मत आपोआप बदललं. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चिमणीला पाठवायला पाहिजे बाई आता. नवरा तिकडं खानावळीत जेवतोय." खालाला बोलावणं गेलं. टोपलीतून अडीचचा चुडा निघाला.

"जिचा हात तिचं माप," सासूबाई म्हणाल्या. "माप काय करायचंय धरून."

बांगड्या सरसर चढल्या. खाला या खेपेला काही बोलली नाही. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

मला यातलं काही भोगावं लागलं, असं वाचणाऱ्याला वाटत असेल तर तसं झालेलं नाही. मान बरी झाली. मिरचीवाला धडा मी पुढची कितीतरी वर्षं रंगवून शिकवला. माणसांच्या बाबतीत त्या द्रव्याचा परिणाम फारच थोडा दिसतो, हे नंतर कधीतरी वाचनात आलं, तेही मी मुलींना सांगितलं, अगदी प्रामाणिकपणे. आता डॉक्टर मला वजनावरून बोलतात. मी जेवणात तूप घेते. मला जेवताना कुणी काही म्हणत नाही.

ती निघाली तो दिवस वैशाखातला होता. रिक्षा दाराशी उभी होती. दिरांनी गाठोडं आत ठेवलं, कुकरचं झाकण त्यात वाजलं. ती सासूसासऱ्यांच्या पाया पडली. मग माझ्यासमोर आली आणि थांबली. मोठी जाऊ म्हणून मी पाय जरा पुढं केले. ती वाकली नाही. नुसती बघत राहिली, रागानं नाही, दुकानात वस्तू पारखून बघतात तसं. मघाशीच माठातलं गार पाणी भरून ठेवलेली बाटली मी ओट्यावरून उचलून पुढं केली.

"घे. वाटेत लागेल."

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "पाणी काय, कुठंबी मिळतं. इथं सोडून सगळीकडं मिळतं."

रिक्षा गेली. मी बाटली घेऊन दारात उभी राहिले. मग ऊन फार होतं, म्हणून ते पाणी मीच पिऊन टाकलं.